कालवणातली तुकडी

माझं वजन कमी व्हायला लागलं तेव्हा जो तो माझं कौतुक करत होता. नाक्यावरची भाजीवाली म्हणाली, "मावशी, काय बारीक झालात हो! पुन्हा बोहल्यावर चढताय की काय?" देवळात भेटणाऱ्या बायका म्हणाल्या, आम्हालापण सांगा काय खाता ते. मी म्हणायची, काय खाते ते नका विचारू, काय खात नाही ते विचारा. आणि त्या हसल्या की मीही हसायची. खरं सांगते, घरी परत येईपर्यंत ते बोलणं मला पुरायचं. मी एकटी राहते. दिवसभरात माझ्याशी कोण बोलणार? लिफ्टमधली बाई मजल्याचा आकडा सांगते तेवढंच.

झालं होतं असं की गुडघे दुखायला लागले. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून बघितला आणि म्हणाले, "गुडघे अजून चालतील, आजी. पण वरचा भार कमी करा." वरचा भार म्हणजे मीच. मुलाला फोनवर सांगितलं. तो बंगळूरला असतो, बायको-मुलीसह. त्याने लगेच काचेचा वजनकाटा पाठवून दिला. दर रविवारी सकाळी त्याच्यावर उभं राहायचं आणि फोटो काढून त्याला पाठवायचा, असं ठरलं. त्या फोटोत माझ्या पायांची बोटं आणि मधे आकडा. माझ्या मुलाकडे माझ्या तोंडाचे जेवढे फोटो नसतील तेवढे माझ्या बोटांचे असतील.

वजन कमी कसं करायचं, ते मी कोणाला विचारलं नाही. आमच्यात बाईला बारीक व्हायचं असेल तर एकच रस्ता माहीत, उपास धरायचा. सोमवार तर लहानपणापासूनचा होता. त्याला गुरुवार जोडला. संकष्टी होती, एकादशी आली, मग शनिवारही धरला. उरलेल्या दिवशी रात्रीचं जेवण बंद. चहा आणि दोन खाऱ्या खाल्ल्या की झालं. देवही खूष, डॉक्टरही खूष, आणि गॅस पेटवायचं कामही नाही. आकडा उतरायला लागला. मुलगा फोनवर म्हणायचा, "वा आई, सुपर!" नात मागून ओरडायची, "आजी रॉक्स!" त्याचा अर्थ काय ते मी विचारलं नाही. आवाजावरून चांगलंच असणार.

आता मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मी खाणावळवाली. लालबागला आमची चाळ होती, आता त्याच जागेवर टॉवर आहे आणि त्यात बाराव्या मजल्यावर माझं घर. गिरण्या बंद पडल्या तेव्हा आमचे हे घरी बसले, आणि मी पदर खोचून चुलीपुढे बसले. कोकणातून एकटे आलेले, गोदीत-बाजारात मिळेल ते काम करणारे पुरुष, एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारे, दोन वेळा आमच्याकडे जेवायचे. मोठा टोप मी एकटी उतरवायची. आडोळीवर, म्हणजे बसून खोबरं खवायच्या आमच्या विळीवर, एका बैठकीला नारळ संपवायची. मसाला पाट्यावर वाटायची. पाणी खालून आणायचं. दिवसभरात किती वेळा खाली बसले आणि उठले, कोण मोजतं? माझे दंड बघून एक जण नेहमी म्हणायचा, "वैनी, तुम्ही एकदा आखाड्यात उतराच." मी म्हणायची, "उतरते, पण मग तुला भाकरी कोण थापणार?"

पुढे ही माणसं पांगली. कोणी गावी गेलं, कोणी विरारला, कोणी वर. खाणावळ बंद झाली. चाळ पडली, टॉवर झाला. नव्या घरात यायची हौस सगळ्यांत जास्त आमच्या ह्यांना होती, आणि सगळ्यांत कमी राहिले तेच. ते गेले आणि मी राहिले. घर चांगलं आहे हो, नाव ठेवायला जागा नाही. उभ्याचा ओटा, चोवीस तास पाणी, कपड्यांना मशीन, खुर्चीसारखा संडास. कशालाही खाली वाकायला नको. एवढं सुख मी जन्मात बघितलं नव्हतं. त्या सुखात अंग कधी सुटलं आणि पाय कधी बारीक झाले, मला कळलंच नाही. पोट तेवढं पुढे आलं, ते साडीत झाकून जायचं.

तर त्या दिवशी उपास नव्हता. सोलकढी प्यावीशी वाटली. मिक्सरमधल्या खोबऱ्याला ती चव येत नाही, म्हणून माळ्यावरची आडोळी काढली, जमिनीवर मांडली, आणि भिंतीला धरून बसले. नारळ खवून झाला. उठायला गेले, तर उठता येईना.

पडले नव्हते, लागलं नव्हतं, काही दुखतही नव्हतं. पाय होते, पण पायांत मी नव्हते. ओट्याची कडा धरायला हात वर केला, पोचला, पण हाताने अंग ओढवेना. पुन्हा केलं. मग थोडी बसले आणि स्वतःलाच म्हटलं, अगं, दमलीयेस, दम खा. दम खाऊन पुन्हा केलं. तेच. बाहेर टेबलावर फोन वाजला, बंद झाला, पुन्हा वाजला. मुलाची वेळ होती ती, जेवणाच्या सुट्टीतली.

मी हाक मारली. चाळीत नुसतं "अगो" म्हटलं असतं तर तीन दारांतून तीन बायका आल्या असत्या, चौथी खालून विचारती झाली असती. इथे हाक भिंतीला लागून माझ्याकडेच परत आली. मग मी हाक मारायचं थांबवलं. मला माझ्याच आवाजाची लाज वाटली. बसल्या बसल्या सरकत दारापर्यंत गेले. कडी वर होती.

मुलाने बंगळूरहून सोसायटीच्या ऑफिसला फोन केला. वॉचमन वर आला, मग कुलूपवाला आला, दार उघडलं. समोरच्या घरातली बाई हातातला पोळ्यांचा डबा तसाच घेऊन धावली आणि तिने मला काखेत हात घालून उभं केलं. आम्ही इतकी वर्षं समोरासमोर राहतो, आणि आमची ओळख झाली ती मी जमिनीवर असताना. म्हणाली, "आँटी, आप आवाज देतीं ना!"

दुसऱ्या दिवशी मुलगा विमानाने आला. आल्या आल्या चिडला. चिडलाय म्हणजे घाबरलाय, हे मला त्याच्या शाळेपासून माहिती. घरभर फिरला, सुताराला बोलावून दाराची कडी खाली लावून घेतली, आडोळी माळ्यावर टाकली.

"आई, आता बस झालं. तू चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? घरी."

"घरीच आहे मी."

"आई, प्लीज. तुला जमिनीवरून उठता येत नाही. उद्या बाथरूममध्ये बसलीस तर?"

"बसणार कशाला मी बाथरूममध्ये?"

"अगं, माणूस ठरवून बसतं का!"

बराच वेळ असं चाललं. मी गेले नसते असं नाही. तिथे माणसं आहेत, नात आहे, भरलेलं घर आहे. पण मी तिकडे चार वेळा राहून आलेय. सकाळी सगळे जातात, दारं लागतात, आणि खाली रस्त्यावर कोणाला काही विचारायचं तर मला भाषा येत नाही. इथे निदान भाजीवाली थट्टा करते. इथलं एकटेपण माझ्या ओळखीचं आहे. शिवाय उचलून नेलेली बाई आणि पायाने गेलेली बाई, ह्यात फरक असतो. मला उचलून नेलेली बाई व्हायचं नव्हतं.

शेवटी त्याने अट घातली. "दिवाळीनंतर येतो मी, भाऊबीज झाली की. तेव्हा इथे जमिनीवर बसायचं आणि एकटीने उठून दाखवायचं. काही न धरता. जमलं तर राहा. नाही जमलं तर बॅग भरायची. कबूल?"

"कबूल," म्हटलं. म्हटलं खरं, पण तो गेल्यावर भाकरीच्या पिठाच्या डब्याचं झाकणसुद्धा मला उघडेना.

परळला एका दवाखान्यात व्यायाम शिकवणारी मुलगी आहे, फिजिओ म्हणतात तिला. डॉक्टरांनी तिच्याकडे पाठवलं. वयाने मला नातीसारखी, पण बोलायला सासू. तिने मला खुर्चीवरून उठवलं, बसवलं, माझा हात तिच्या हातात घेऊन "दाबा" म्हणाली. मी दाबला. "दाबा ना," म्हणाली. मी म्हटलं, "दाबलाय बाई." तेव्हा तिने फायलीत काहीतरी लिहून घेतलं. मग पोटरीला मापाची टेप लावली, कमरेला लावली, आणि फायलीत बघून म्हणाली, "मावशी, तुम्ही वजन कमी केलंत ना, ते चुकीच्या जागेचं गेलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे चरबी बरीचशी आहे तिथेच आहे. गेलंय ते मांस. स्नायू. पाय बघा, काठ्या झाल्यात."

"पण काट्यावर तर उतरलं होतं."

"काट्याला काय कळतंय? काटा सगळं एकत्र मोजतो. चरबी गेली तरी आकडा उतरतो, मांस गेलं तरी उतरतो. उपाशी राहायचं आणि अंगाला काही काम द्यायचं नाही, की शरीर म्हणतं, हे पाय कशाला पोसायचे, वापरत तर नाही. मग ते खाऊन टाकतं."

मी म्हटलं, "आणि चरबी का नाही खात, मेलं?"

ती हसली. "खातं. पण दोन्ही खातं. आणि मांस गेलं की बसल्या जागी लागणारं जळणही थोडं कमी होतं. मग तुम्ही पुन्हा नीट जेवायला लागलात की आधी पोटच वाढणार."

मला ते माझ्या पद्धतीने समजलं, ते सांगते. खाणावळीत माणसं जेवायला असली की तांदळाची गोण कधी आली, कधी संपली, कळत नाही. माणसं गेली की गोण तशीच पडून राहते, तिला पोरकिडे लागतात. मी काय केलं होतं? गोण कमी व्हावी म्हणून जेवणाऱ्यांनाच घालवून दिलं होतं. अंगातलं मांस म्हणजे ती जेवणारी माणसं. त्यांना परत बोलवायचं, कामाला लावायचं, पोटभर घालायचं, मग ती हळूहळू गोणीला हात घालणार. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "अगदी तसंच नाहीये, पण चालेल. लक्षात राहील ना तुमच्या? मग झालं." आणि लगेच, "आता सांगा, काय जेवता? मासे खाता का?"

"मालवणी बाईला विचारतेस? रोज म्हटलंस तरी चालेल. उपास सोडून."

"काल उपास होता?"

"नाही. काल बांगडे आणले होते."

"मग काल ताटात काय काय होतं, ते सांगा. बघितल्यासारखं सांगा."

मी सांगायला लागले. भात होता. बांगड्याचं कालवण होतं, चांगलं तिरफळं घालून केलेलं. सोलकढी होती.

"तुकड्या किती खाल्ल्या?"

आणि मी अडकले. कारण मी एकही खाल्ली नव्हती. मी कालवणातला रस भातावर घेतला होता, आणि तुकड्या वाटीत काढून वर झाकण ठेवलं होतं. काल, परवा, त्याच्या आधी. खाणावळीत तुकड्या माणसांच्या हिशेबाने असायच्या, सगळ्यांची पानं झाली की मी टोपाचा तळ निपटून भात कालवायची. कधी एखादं डोकं मिळायचं. त्यात मला काही वाईट वाटल्याचं आठवत नाही, बाईमाणसाचं जेवण तसंच असतं असं वाटायचं. पुढे हे आणि मुलगा असायचे, त्यांना तुकड्या वाढायच्या. मग हे एकटे. आता कोणी नाही, तरी माझा हात आधी वाटीत तुकड्या काढून ठेवतो. कोणीतरी येईल म्हणून. दुसऱ्या दिवशी त्या वाटीला वास येतो आणि मी ती खाली मांजरांना घालते. टॉवरच्या मांजरी काय गुबगुबीत झाल्यात, सगळे म्हणतात. त्यांना तुकड्या मी घालते. आणि मी म्हणते, मी रोज मासे खाते.

हे सगळं तिला सांगितलं नाही. "एकही नाही," एवढंच म्हटलं.

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मावशी, रसात काही नसतं हो. जे आहे ते तुकडीत आहे."

मग व्यायाम सुरू झाला. खुर्चीवरून हात न लावता उठायचं आणि हळू बसायचं, बसताना धपकन नाही. भिंतीला हात टेकून अंग ढकलायचं. दोन हातांत पाण्याच्या बाटल्या. पायाला रबराची पट्टी. ते जमायला लागल्यावर ती म्हणाली, तुमच्या टॉवरमध्ये खाली जिम असेल ना, तिथे जा, हळूहळू वजन वाढवायला मिळेल. जिम आहे, काचेची. रस्त्यावरून दिसते. मी सलवार-कमीज घातला आणि गेले. आत सगळी तरुण मुलं, कानात बोंडं घातलेली. आरशात बघतात आणि वजनं उचलतात. कोणी कोणाशी बोलत नाही. मला वाटलं होतं, इतकी माणसं एका खोलीत, काहीतरी बोलणं होईल. मी एकाला म्हटलं, "बाळा, हे लहान वजन कुठे असतं?" त्याने कानातलं एक बोंड काढलं, बोटाने कोपरा दाखवला, बोंड परत घातलं. वाईट नव्हता हो तो. तिथली रीतच तशी. मी कोपऱ्यातलं वजन घेऊन आरशापुढे उभी राहिले. आरशात एवढी माणसं आणि त्यांत एक म्हातारी, जिच्याकडे कोणी बघत नाही. व्यायाम केला आणि वर आले.

व्यायाम एक वेळ सोपा. जेवण कठीण. कुळथाची पिठी, अंडी, डाळी, मासे, हे सगळं त्या मुलीने सांगितलं होतं आणि ते मला करायला येत नाही असं नाही, आयुष्यभर तेच केलं. पण एकटीसाठी माझ्या हाताला माप येत नाही. आणि ताट मांडून बसायचं, त्यात दोन तुकड्या घ्यायच्या, आणि समोर कोणी नसताना काटे काढत खायच्या, ते मला चोरून खाल्ल्यासारखं वाटायचं. घास फिरायचा तोंडात.

चाळीतली माझी शेजारीण आता डोंबिवलीला असते, लेकाकडे. तिच्याशी फोनवर बोलते मी. तिला सगळं सांगितलं तर ती आधी पोट धरून हसली.

"काय गो, ह्या वयात पैलवान होतंस? दंडाक बेटकुळी ईली काय?"

"ईली नाय, पण येतली."

"येवंदे. मगे दाखव माका. आनि तुकडी कित्याक खाईनस नाय? तुझी सासू बसली हा काय थंय वर, डोळे वटारून?"

"एकटीक गोड लागना नाय गो."

मग म्हणाली, "माझी सून दुपारची हाफिसात असता. मीव एकटीच जेवतंय. फोन थंयच ठेव. बोलाक नको, नुसता जेव. माका ऐकाक येतला तू खातंस की नाय ता."

तशा आम्ही जेवायला लागलो. ताटाशेजारी फोन, स्पीकर लावलेला. ती तिकडे काहीतरी चावायची, मी इकडे काटे काढायची. मधेच तिचा हुकूम यायचा, "दुसरी घे." मी घ्यायची. त्या दिवसांत मी खरंच पोटभर जेवले. पण पुढे तिच्या नातवाचे क्लास त्याच फोनवर सुरू झाले, दुपारचेच. तिला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, पोरग्याचा शिक्षण महत्त्वाचा, तू काय म्हणतंस. मग पुन्हा एकटीच बसायला लागले. फक्त आता दुसरी तुकडी स्वतःच घ्यायची. पहिल्या दिवशी घेताना मी मोठ्याने म्हटलं, "दुसरी घे." आणि घेतली.

इकडे काटा काही हलेना. रविवार आला की मुलाला फोटो जायचा, आणि तोच आकडा. एकदा तर थोडा वरच गेला. त्याचा लगेच फोन.

"आई, वाढलंय. तू करतेयस ना नक्की?"

"करतेय."

"मग? खोटं नको बोलूस हं. उपास सोडलेस ना, त्याने असेल. बघ, उगाच जीवाला त्रास करून घेतेयस. चल इकडे, मी चांगला डाएटिशियन बघून ठेवलाय."

फोन ठेवल्यावर मी रडले. रडायला काय, एकटीला आडकाठी नसते. काट्यावर सगळं तिथेच, मग हे सगळं कशासाठी, असं झालं. डोळे पुसून आंघोळीला गेले, परकर नेसले, नाडी बांधली, आणि नाडीची टोकं नेहमीपेक्षा लांब लोंबायला लागली. गाठ मारून उरलेली नाडी बोटभर असायची. मी सोडली, पुन्हा बांधली. तेवढीच लांब. मग ब्लाऊज घातला, तर दंडाला बाही घट्ट. मला वाटलं, धुताना आटला असेल. दुसरा काढला. तोही दंडाला घट्ट, पोटाशी सैल.

फिजिओ मुलीने टेप लावली आणि म्हणाली, "बघा! कमरेची कमी, पोटरीची जास्त. एक आलं, एक गेलं, काट्याला बिचाऱ्याला समजणार कसं?" मी म्हटलं, मुलाला समजत नाही गं, त्याला आकडा लागतो. ती म्हणाली, "मग त्यांना उठूनच दाखवा."

तिने मला जमिनीवरून उठायची रीत शिकवली. आधी कुशीवर, मग गुडघ्यावर, एक पाऊल पुढे रोवायचं, दोन्ही हात आपल्याच मांडीवर, आणि सगळा जोर त्या पायात. पहिल्या वेळी तिने मला दोन्ही हातांनी उचललं. पुढे एका हाताने. मग नुसतं बोट लावून. मग ती मागे उभी राहायची, मला वाटायचं धरलंय, आणि तिने धरलेलं नसायचं.

भाऊबीज झाली आणि मुलगा आला. एकटाच. हातात एक मोठी बॅग, आणि ती त्याने सोफ्यावर ठेवली तेव्हा तिचा आवाज झाला नाही. रिकामी होती. माझ्या कपड्यांसाठी आणली होती. चहा झाला. फराळ झाला. मग त्याने टेबल बाजूला सरकवलं.

"आई, बघायचं का?"

"बघ की."

मी हॉलच्या मधोमध जमिनीवर बसले. भिंत लांब, सोफा लांब. तो माझ्यासमोर उकिडवा बसला, दोन्ही हात पुढे काढून, लहान मूल चालायला शिकतं तेव्हा आईबाप बसतात तसा. मी म्हटलं, "हात मागे घे. तुझ्याकडे बघून मला घाबरायला होतंय."

मी कुशीवर झाले. गुडघ्यावर आले. पाऊल रोवलं. मांडीवर हात दाबले. मधे एक क्षण असा असतो जिथे काहीच होत नाही, अंग वरही जात नाही आणि खालीही येत नाही. तो क्षण गेला. मी उभी होते.

तो खालीच बसलेला. वर माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "परत."

"सर्कस आहे का मी?"

"परत कर ना, आई."

मी परत बसले आणि परत उठले. दुसऱ्या वेळी जास्त सोपं गेलं. मला हसू आलं, मी दंड वाकवून त्याला दाखवला, म्हटलं, हात लावून बघ, लाव. त्याने हात लावला. हसला. पण त्याचं हसू पूर्ण आलं नाही, मला कळतं ना ते.

जेवणं झाली. हात धुऊन आल्यावर त्याने फोन काढला आणि एक फोटो माझ्यापुढे धरला. त्यांच्या घरातली मागची खोली. आधी तिथे नातीची सायकल आणि अडगळ असायची. आता तिथे पलंग होता, उंचीला बेताचा. खिडकीला पडदा. कोपऱ्यात छोटा देव्हारा, अजून रिकामा. पुढचा फोटो बाथरूमचा. संडासाच्या दोन्ही बाजूंना भिंतीत स्टीलच्या दांड्या बसवलेल्या.

"ह्या कोणी बसवल्या?"

"मीच. ड्रिल मशीन आणलं. एक वाकडी लागलीय, बघ."

लागली होती वाकडी. मी फोटो बोटांनी मोठा करून बघितला. त्याला घरात साधा खिळा ठोकता यायचा नाही. मी बराच वेळ बघत राहिले, कारण फोन खाली ठेवला की काहीतरी बोलावं लागलं असतं.

"मला वाटलं नव्हतं तुला जमेल," तो म्हणाला.

"मलाही."

"बरं वाटलं, आई. खरंच बरं वाटलं."

"माहिती आहे."

दोन दिवस राहिला आणि गेला. बॅगेत मी त्याला चकल्या, कुळथाचं पीठ आणि सोलं भरून दिली, तरी ती अर्धी रिकामीच. लिफ्टपर्यंत गेले त्याच्याबरोबर. लिफ्ट खालून येईपर्यंत आम्ही आकड्यांकडे बघत उभे.

"त्या दांड्या काढू नकोस हं," मी म्हटलं.

"नाही काढत."

"आणि ती वाकडी सरळ करून घे कोणाकडून तरी."

"हो."

लिफ्ट आली. त्याने बॅग आत ठेवली, वाकून माझ्या पाया पडला आणि आत गेला. दार सरकायला लागलं तेव्हा समोरच्या बाईने तिचं दार उघडून बाहेर बघितलं, मी उभी आहे असं दिसल्यावर हसली, आणि दार लावून घेतलं.